ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पाने चाळीत असता ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम या थोर नावांच्या मालिकेत एक नाव असे आढळते की, ते पाहून वाचक क्षणभर थबकतो. ते नाव म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा पुरुष जन्माने इंग्रज, दीक्षेने येशूसंघाचा धर्मगुरू आणि कर्तृत्वाने मराठीचा कवी होता. संत एकनाथांनी इ. स. १५९९ मध्ये देह ठेवला, तेव्हा स्टीफन्स यांना गोव्यात येऊन वीस वर्षे झाली होती. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून झाले, तेव्हा देहूचे तुकोबा अद्याप बालवयात होते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ज्याची मातृभाषा मराठी नव्हती, ज्याने तिचे पहिले अक्षर ऐन तारुण्यात ऐकले, अशा माणसाने लिहिला, ही गोष्ट नवलाची खरीच. परंतु या थोर पुरुषाचे चरित्र केवळ नवल म्हणून वाचण्याजोगे नाही. आपणास जे सत्य वाटते ते दुसऱ्यास कसे सांगावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पदोपदी उभा राहिला. त्याला त्यांनी दिलेले उत्तर आजही विचार करण्यासारखे आहे.

ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न मूळचाच आहे. आपली शिकवण सर्व राष्ट्रांस सांगा, अशी येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांस आज्ञा केल्याचे बायबलातील शुभवर्तमानात नमूद आहे. श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्य आपल्या धर्माला आपल्यापुरते जपून ठेवलेले धन मानीत नाही. ती आनंदाची वार्ता आहे, आणि वार्ता म्हटली की ती दुसऱ्यास सांगावयाची असते, असे तो समजतो. परंतु सांगणे निराळे आणि लादणे निराळे. या दोहोंतील अंतर जेव्हा जेव्हा पुसले गेले, तेव्हा तेव्हा सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे, दोघांचेही अकल्याण झाले आहे. स्टीफन्स यांच्या काळचा गोवा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुशटन नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते आणि त्यांचेही नाव थॉमस असेच होते. घरची स्थिती बरी असली तरी काळ मोठा कठीण होता. इंग्लंडचा राजधर्म एका पिढीत अनेक वेळा बदलला होता. एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर रोमच्या पोपची सत्ता मानणाऱ्या कॅथलिक लोकांना आपली उपासना उघडपणे करणे अशक्य झाले. देवळातील राजमान्य प्रार्थनेस जो हजर राहत नसे त्यास दंड होई. पुढे पुढे तर गुप्तपणे फिरणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंना देहान्त शिक्षा होऊ लागल्या. एडमंड कॅम्पियन या विद्वान येशूसंघीयास इ. स. १५८१ मध्ये लंडनमध्ये फाशी देण्यात आले. राजसत्तेने मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर हात टाकला म्हणजे काय होते, हे तरुण स्टीफन्स यांनी आपल्याच मायदेशी पाहिले.

त्यांचा एक जिवलग मित्र होता. त्याचे नाव थॉमस पाउंड. हा पूर्वी राणीच्या दरबारात वावरलेला, श्रीमंत गृहस्थ होता. परंतु वैभवाचा वीट येऊन तो धर्मनिष्ठ झाला होता. हे दोघे मित्र गावोगाव हिंडून कॅथलिक लोकांना धीर देत. कोणाला संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंडच्या नोकराचा वेष घेत असत. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश करावा असा त्यांचा बेत ठरला होता. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि त्या सत्पुरुषाची पुढील सुमारे तीस वर्षे या ना त्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व इ. स. १५७५ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी संघाची दीक्षा घेतली. फ्रान्सिस झेवियर यांनी पूर्वेकडून पाठविलेली पत्रे त्या काळी युरोपभर मोठ्या आवडीने वाचली जात. हिंदुस्थानात जाऊन कार्य करण्याची ओढ स्टीफन्स यांच्याही मनास लागली.

इ. स. १५७९ च्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस लिस्बन बंदरातून पाच गलबते निघाली. त्यांत स्टीफन्स होते. या प्रवासाचे वर्णन त्यांनी गोव्यास पोहोचताच आपल्या वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. तुताऱ्यांचा नाद, तोफांची सलामी, वाटेतील असह्य उकाडा, वारा पडल्यामुळे दिवसेंदिवस एकाच जागी खिळून राहिलेली जहाजे, केप ऑफ गुड होपजवळील भयंकर लाटा, दिशा दाखविणारे समुद्रपक्षी, हे सर्व त्यांनी चौकस दृष्टीने टिपले आहे. ताजे अन्न न मिळाल्याने हिरड्या सुजून येणारा खलाशांचा रोग जहाजावर पसरला. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. प्रवाहाने जहाज भलतीकडेच ओढले जाऊन ते तांबड्या समुद्राच्या मुखापाशी असलेल्या सोकोत्रा बेटाच्या बाजूस गेले. अखेर २४ ऑक्टोबर रोजी गोव्याचा किनारा दिसला. साडेसहा महिन्यांचा हा प्रवास होता. त्यानंतर स्टीफन्स यांनी पुनः कधीही मायदेश पाहिला नाही. हिंदुस्थानात येऊन कायम राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचा निर्देश करतात. वडिलांस लिहिलेले ते पत्र पुढे इ. स. १५८९ मध्ये रिचर्ड हॅक्लूट याच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले आणि इंग्लंडातील व्यापाऱ्यांनी ते उत्सुकतेने वाचले.

इ. स. १५८० मध्ये स्टीफन्स यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक सासष्टीत झाली. यापुढील आयुष्य बहुतांशी त्यांनी याच प्रांतात घालविले. त्या वेळी सासष्टीची स्थिती कशी होती, हे जाणून घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे मर्म कळणार नाही.

तिसवाडी बेट पोर्तुगीजांनी इ. स. १५१० मध्ये जिंकले होते. बारदेश व सासष्टी हे महाल इ. स. १५४३ मध्ये त्यांच्या हाती आले. पुढे बारदेश फ्रान्सिस्कन संघाकडे आणि सासष्टी येशूसंघाकडे धर्मकार्यासाठी सोपविण्यात आली. राजसत्ता आणि धर्मसंस्था यांचे हात एकमेकांत गुंतलेले होते. तिसवाडीतील देवळे आधीच पाडण्यात आली होती, इ. स. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळांवर तोच प्रसंग आला. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, ती याच संकटामुळे. भाविकांनी रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून आपल्या देवता आदिलशाही मुलुखातील अंत्रुज महालात नेल्या. अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करावे असे फर्मान निघाले. सार्वजनिक उत्सवांस बंदी झाली. इ. स. १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले; त्याचा जाच पुढे अडीचशे वर्षे, इ. स. १८१२ पर्यंत, नव्याजुन्या सर्व प्रजेस भोगावा लागला. लोकांची पुराणे व पोथ्याही जप्त करण्यात आल्या. जी प्रजा ख्रिस्ती झाली तिच्यात मनापासून धर्म स्वीकारणारे लोक होते, त्याचप्रमाणे भयाने, लाभाने किंवा घरदार व जमीन सुटू नये म्हणून आलेलेही पुष्कळ होते.

विचार करा, मित्रहो! ज्या मनुष्याने आपल्या मायदेशात राजसत्तेची धर्मसक्ती सोसली, मित्राला तुरुंगात जाताना पाहिले, तोच आता अशा राज्यात येऊन पोहोचला होता की जेथे सक्ती करणारी सत्ता त्याच्या स्वतःच्या धर्माची होती. स्टीफन्स त्या व्यवस्थेचेच एक अंग होते आणि तिच्या आश्रयाखालीच त्यांचे कार्य चालले, हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चरित्र लिहिताना गुणांबरोबर परिस्थितीचेही माप पदरात घ्यावे लागते.

ते सासष्टीत असतानाच कुंकळ्ळीची दारुण घटना घडली. येथील गावकऱ्यांनी आपली देवळे उद्ध्वस्त झालेली पाहिली होती आणि परकी अंमल मानण्यास ते तयार नव्हते. इ. स. १५८३ च्या जुलै महिन्यात देवळासाठी जागा पाहावयास व क्रूस उभारावयास आलेल्या येशूसंघाच्या पाच जणांना, त्यांच्या काही सोबत्यांसह, गावकऱ्यांनी ठार केले. त्यांचे प्रमुख होते रुडॉल्फ अक्वाविवा. हे अकबर बादशहाच्या आमंत्रणावरून फत्तेपूर सिक्रीस जाऊन, तेथे निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांशी वाद व संवाद करून नुकतेच परतले होते. यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांची विश्वासघाताने कत्तल केली. एका बाजूस नि:शस्त्र धर्मगुरूंचे रक्त सांडले, दुसऱ्या बाजूस आपल्या गावाच्या व देवाच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांचे. दोन्ही बाजूंच्या मृतांची स्मृती आजही त्या भूमीत जपली जाते. तलवारीच्या सावलीत सांगितलेली धर्मवार्ता ऐकणाऱ्याच्या कानात तलवारीचाच खणखणाट उमटवते, हा कुंकळ्ळीचा धडा आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात स्टीफन्स यांनी पॅरिस येथे असलेल्या आपल्या रिचर्ड नावाच्या भावास एक पत्र लिहिले. त्यात या घटनेची हकीकत आहे. परंतु त्याच पत्रात आणखी एक मजकूर आहे, तो भाषाशास्त्राच्या इतिहासात संस्मरणीय ठरला. या देशातील भाषा अनेक असून त्यांचे उच्चार कानास गोड आहेत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे नाते जगापुढे मांडले ते इ. स. १७८६ मध्ये, म्हणजे स्टीफन्स यांच्या ध्यानी हे साम्य दोनशे वर्षे आधी आले होते. भोवती वैराग्नी पेटलेला असताना त्या लोकांच्या बोलीकडे हा तरुण धर्मगुरू आदराने कान देत होता, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाची साक्ष देते. यानंतर त्यांनी जी वाट धरली ती भाषेची वाट होय.

त्यांच्या मनाचा मोठेपणा दर्शविणारा एक प्रसंग याच वर्षाच्या अखेरीस घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हे चार इंग्रज हुर्मुज येथे हेर म्हणून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात येऊन पडले. ते स्टीफन्स यांचे देशबांधव खरे. परंतु ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्स यांच्या पंथाचा छळ होत होता, त्या राणीची ती प्रजा होती. तरीही स्टीफन्स त्यांच्या साहाय्यास धावले. आर्चबिशपच्या पदरी असलेला यान हाउखेन व्हॅन लिन्सखोटेन हा डच तरुण व स्टीफन्स या दोघांच्या खटपटीने जामीन मिळून ते लोक सुटले. त्यांपैकी स्टोरी हा चित्रकार होता. तो काही काळ येशूसंघीयांच्या मठात राहिला. उरलेल्यांनी पुढील वर्षी गोव्यातून पलायन केले. अडचणीत सापडलेल्या मनुष्याचा पंथ विचारावयाचा नसतो, हे स्टीफन्स यांनी येथे कृतीने दाखविले.

सासष्टीतील लोक घरात कोंकणी बोलत. परंतु पुराण, कीर्तन, पोथी आणि काव्य यांची भाषा मराठी होती. स्टीफन्स यांनी या दोन्ही भाषा परिश्रमपूर्वक आत्मसात केल्या. ते केवळ व्यवहारापुरते बोलण्यावर थांबले नाहीत. मराठी पुराणग्रंथांची धाटणी, ओवीचा डौल, निरूपणाची पद्धत, उपमा-दृष्टांतांची रीत या सर्वांचा त्यांनी मनःपूर्वक अभ्यास केला. जप्त झालेल्या मराठी पोथ्या येशूसंघाच्या मठांत येऊन पडल्या होत्या. त्या काळच्या काही हस्तलिखित प्रती पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. ज्या पोथ्या लोकांच्या हातून हिरावून घेतल्या गेल्या, त्यांच्याच पठडीत एका परदेशी माणसाने त्याच लोकांसाठी नवे पुराण रचावे, यातील करुण विसंगती कोणाच्याही मनास जाणवल्यावाचून राहणार नाही.

आणि ही गोष्ट खुद्द ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच सूचित झाली आहे. तेथे कवीने जो प्रसंग वर्णिला आहे तो असा. सासष्टीत रविवारी दुपारी मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण उभा राहतो आणि पाद्रीस विनवणी करतो. आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत. तेव्हा त्यांच्या जागी वाचावयास आम्हास दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ आहे. नित्याच्या चार प्रार्थनांनी मन भरत नाही, मन रमेल असे काही हवे, ही त्याची तक्रार आहे. ही तक्रार कवीने दडपली नाही, उलट आपल्या ग्रंथाच्या प्रारंभी तिला मानाचे स्थान दिले. ऐकणारा काय मागतो आहे हे ज्याने ऐकून घेतले, त्यालाच काही सांगण्याचा अधिकार पोहोचतो. हुकूम एकीकडून दुसरीकडे जातो; संवादास दोन माणसे लागतात. ख्रिस्तपुराणाचा जन्म अशा संवादातून झाला आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीच्या काळापर्यंतची बायबलातील कथा आहे. दुसऱ्यात येशूचे चरित्र, त्याची शिकवण, मरण व पुनरुत्थान यांचे वर्णन आहे. अध्यायास कवीने अवस्वरू असे नाव दिले असून पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू आहेत. कथा पॅलेस्टाइनची, परंतु तिचा पोशाख पुरा मराठी आहे. स्वर्गाला कवी वैकुंठ म्हणतो. उद्धाराला मुक्ती म्हणतो. मराठी श्रोत्याच्या मनात ज्या शब्दांभोवती शतकानुशतकांचा भक्तिभाव साठला होता, ते शब्द टाकून देण्याऐवजी त्यांतच त्याने आपला आशय ओतला. मूर्तिपूजेवर त्याने ठिकठिकाणी टीका केली आहे हे खरे. आपला धर्मच खरा अशी त्याची दृढ श्रद्धा होती आणि ती त्याने लपविली नाही. परंतु ज्या भाषेतून तो बोलतो तिच्याविषयी त्याच्या मनात तुच्छतेचा लवलेशही नाही. ग्रंथारंभी त्याने मराठीचे जे स्तवन केले आहे ते तर सुप्रसिद्धच आहे. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा नाना वस्तूंच्या उपमा योजून सर्व भाषांत मराठी कशी शोभते हे तो सांगतो. हे स्तवन महाराष्ट्रातील व गोमंतकातील अनेक पिढ्यांनी शाळेत अभ्यासले आहे, आणि ते एका विल्टशरच्या माणसाने लिहिले हे कळल्यावर प्रत्येक पिढीला नवल वाटले आहे.

ग्रंथ लिहिला गेला तरी तो छापावयाचा कसा, ही मोठीच अडचण होती. हिंदुस्थानातील पहिला छापखाना गोव्यात इ. स. १५५६ मध्ये सेंट पॉल विद्यालयात आला होता. परंतु तेथे खिळे रोमन लिपीचे होते. मलबाराकडे तमिळ लिपीत पुस्तके छापली गेली होती. तसेच आपल्या प्रांतातही लोकांच्या लिपीत ग्रंथ छापावे, अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती. इ. स. १६०८ मध्ये त्यांनी रोम येथे आपल्या संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस पत्र लिहून ही इच्छा कळविली. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, पण येथे जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, ही अडचणही त्यांनी त्यात सांगितली आहे. ही इच्छा त्यांच्या हयातीत सफळ झाली नाही. अखेर इ. स. १६१६ मध्ये राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. इ. स. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

ज्यांस मराठी काव्य कळणार नाही अशा साध्या लोकांस व मुलांस स्टीफन्स विसरले नाहीत. त्यांच्यासाठी त्यांनी गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने कोंकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार केले. हे इ. स. १६२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्याने येणाऱ्या धर्मगुरूंना लोकभाषा शिकता यावी म्हणून त्यांनी कोंकणीचे व्याकरणही रचले. त्यात इतरांनी भर घातल्यावर ते इ. स. १६४० मध्ये राशोल येथेच छापण्यात आले. हिंदुस्थानातील भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख होतो. परंतु ही दोन्ही पुस्तके छापलेली पाहण्यास ग्रंथकार उरला नव्हता. इ. स. १६१९ मध्ये, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, गोव्यात त्यांचे देहावसान झाले. चाळीस वर्षे त्यांनी या भूमीची सेवा केली. त्यांच्या मागे संपत्ती नव्हती, वंश नव्हता. होते ते केवळ शब्द.

आणि त्या शब्दांची परीक्षा यापुढेच व्हावयाची होती. राज्यकर्त्यांची दृष्टी दिवसेंदिवस संकुचित होत गेली. इ. स. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हॉइसरॉयने फर्मान काढले की, प्रजेने तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी. ज्या भाषांची स्टीफन्स यांनी चाळीस वर्षे आराधना केली, त्याच भाषा आता त्याज्य ठरल्या. देशी भाषांतील ग्रंथमुद्रण थांबले. परंतु हुकमाने भाषा मरत नाही. गोव्यातून जी ख्रिस्ती कुटुंबे जाचाला, दुष्काळाला व युद्धांना कंटाळून दक्षिणेस कानडी मुलुखात गेली, त्यांनी आपल्या चीजवस्तूंबरोबर ख्रिस्तपुराणाच्या हातांनी लिहिलेल्या प्रतीही नेल्या. मंगळूरच्या परिसरात उपवासकाळात घरोघरी या पुराणाचे वाचन होत असे; ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. अशाच हस्तलिखित प्रतींवरून इ. स. १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथे या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनमधील मार्सडेन संग्रहात आढळले. इ. स. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. लोकांच्या लिपीत आपला ग्रंथ छापून निघावा ही कवीची इच्छा अशा रीतीने साडेतीनशे वर्षांनी पूर्ण झाली. गोव्यात पर्वरी येथे कोंकणीच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आज त्यांचेच नाव धारण करून उभी आहे.

आता मागे वळून पाहता काय दिसते? ज्या किल्ल्यांच्या बळावर धर्म पसरविण्याचा प्रयत्न झाला, ते किल्ले ढासळले. धर्मन्यायालयाचा वाडा जमीनदोस्त झाला. अंत्रुज महालात नेलेली दैवते तेथे वैभवाने नांदत आहेत आणि त्यांचे महाजन दूरदूरच्या प्रांतांतून अद्याप दर्शनास येतात. भाषा बंद करणारे फर्मान कागदातच राहिले. परंतु एका माणसाने लोकांच्या पायाशी बसून त्यांची भाषा शिकून जे सांगितले, ते मात्र टिकले. ते ख्रिस्ती लोकांनी श्रद्धेने जपले आणि हिंदू लोकांनीही मराठीचे लेणे म्हणून आदराने स्वीकारले. ज्यांनी त्यांचा धर्म घेतला नाही त्यांनाही त्यांचा ग्रंथ आपला वाटतो.

धर्माची वार्ता सांगणे याचा अर्थ स्टीफन्स यांच्या चरित्रातून असा उलगडतो. सांगणाऱ्याने प्रथम ऐकणाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जावे लागते. त्याची बोली, त्याची गाणी, त्याची दुःखे समजून घ्यावी लागतात. आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहून ती मोकळेपणाने मांडावी, आणि ती स्वीकारण्याचे किंवा नाकारण्याचे स्वातंत्र्य ऐकणाऱ्याचे आहे हे मनापासून मानावे. स्टीफन्स यांच्या काळाने हे दुसरे तत्त्व पाळले नाही, आणि त्या दोषाची छाया त्यांच्याही कार्यावर पडली. परंतु पहिले तत्त्व त्यांनी असे पाळले की, त्याला मराठी वाङ्मयात तोड नाही. आज आपल्या देशाच्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकास आपला धर्म आचरण्याचे व सांगण्याचे स्वातंत्र्य आणि त्याचबरोबर सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिलेले आहे. या दोन स्वातंत्र्यांचा मेळ कसा घालावा, हे शिकण्यास स्टीफन्स यांचे जीवन व त्यांचा काळ ही दोन्ही, गुणदोषांसह, उपयोगी पडतील.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घराभोवती मराठीखेरीज अन्य भाषांचा वावर आहे; वर्गातील बाकावर निरनिराळ्या धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात. आपल्या शेजाऱ्याची भाषा आपण किती मनःपूर्वक शिकलो, त्याच्या सणाची कथा आपणास ठाऊक आहे का, असे प्रश्न या चरित्राच्या वाचनानंतर मनात यावे. कधी गोव्यास जाण्याचा योग आला तर प्रियोळ व कवळ्याची देवळे पाहा, कुंकळ्ळीची भूमी पाहा आणि झुआरी नदीच्या काठी राशोल येथील जुने धर्मविद्यालयही पाहा. तेथे नदीचे पाणी पूर्वीसारखेच संथ वाहत आहे. त्या काठावर चारशे वर्षांपूर्वी एक इंग्रज मनुष्य मराठी ओवीची मात्रा जुळवीत बसला होता, याची आठवण ठेवून ख्रिस्तपुराणाची चार पाने शाळेच्या ग्रंथालयातून मिळवून अवश्य वाचा.